सव्वीस पिनांची पट्टी

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. एसटीने दीड-दोन तासांचा रस्ता. पण १९९०च्या दशकात डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या आमच्यासारख्या पोरांना हे अंतर फार मोठं वाटायचं, कारण आयसी मिळायची ती बर्डीवर. सीताबर्डीच्या मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत, प्लास्टिकच्या लहान लहान डब्यांतून. आमच्याकडे एखादी चिप जळली की नागपूरला जाणारा माणूस शोधायचा. कुणाच्या काकाची कोर्टात तारीख असायची, कुणाच्या आजीला मेडिकलमध्ये दाखवायचं असायचं. त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवायची, चिठ्ठीवर ठळक अक्षरांत नंबर, आणि नंबरातला एकही आकडा बदलून चालणार नाही हे तीनदा बजावायचं. तो परत येईपर्यंत प्रॅक्टिकल थांबलेलं. त्या साठ किलोमीटरांनी आम्हाला एक सवय लावली, ती आजही माझ्या हातात आहे: आधी मोजायचं, मग जोडायचं.

तेव्हाचा आमचा संगणक म्हणजे ८०८५चं किट. लाकडी पेटीत बसवलेला हिरवा बोर्ड, सोळा आकड्यांच्या कळा आणि लाल सेव्हन सेगमेंटचे सहा आकडे. पडदा नाही, माउस नाही. प्रोग्राम वहीत लिहायचा, ऑपकोडच्या तक्त्यावरून हाताने भाषांतर करायचं आणि एकेक बाइट दाबत जायचं. ३ई, ८०, डी३. हे आकडे अजून तोंडपाठ आहेत, कारण बाहेरच्या जगाशी बोलण्याची सुरुवातच त्यांच्यापासून व्हायची. ८२५५ नावाची चिप होती, तिला चोवीस लाइनी, आठ-आठच्या तीन पोर्टांत वाटलेल्या. रिसेट केल्यावर ती सगळ्या पोर्टांना ऐकण्याच्या स्थितीत ठेवते. ८० हा शब्द तिच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये टाकला की तिन्ही पोर्ट बोलायला लागतात. पहिल्यांदा पोर्टाला जोडलेले आठ एलईडी आपण लिहिलेल्या आकड्याप्रमाणे लागले, तेव्हा सगळ्या टेबलावर गलका झाला होता. आपण वहीत लिहिलेलं काहीतरी बाहेर येऊन दिवा लावतं, याचा आनंद मला पुढे कुठल्याही यंत्राने तितका दिला नाही.

किटच्या कडेला सव्वीस पिनांचा कनेक्टर असायचा. तेरा-तेराच्या दोन रांगा. त्यात करड्या रंगाची चपटी पट्टी बसायची, एफआरसी केबल. पट्टीच्या एका कडेची तार लाल, ती एक नंबरची पिन. पट्टी उलटी बसली की सप्लाय नको तिथे जाणार, म्हणून लाल तार आणि बोर्डावरचा लहानसा त्रिकोण जुळवल्याशिवाय आमचे लॅबमधले काका स्विचला हात लावू देत नसत. दुसऱ्या टोकाला काय काय लागायचं! स्टेपर मोटर, चौकातल्या सिग्नलचा नमुना, तापमान मोजायला ०८०९ हा एडीसी. ८२५५च्या एका पिनमधून निघतो जेमतेम काही मिलिअँपिअर करंट, त्याने रिले ओढली जात नाही. मध्ये यूएलएन २००३ घालावी लागते, तिच्यात सात ड्रायव्हर आणि रिले सुटताना उलटा येणारा झटका गिळणारे डायोड आतच. ही चिप आजही त्याच नंबराने मिळते. आजच्या पोरांच्या स्वस्तातल्या स्टेपर मोटरसोबत जो छोटा बोर्ड येतो, त्यावर तीच बसलेली असते. ती दिसली की मला बरं वाटतं.

सगळ्यांत जास्त वेळ खायचं ते सीरियल पोर्ट. आरएस-२३२. किट पाच व्होल्टचं, आणि ही लाइन मागते अधिक आणि उणे, दोन्ही. मॅक्स २३२ चार कपॅसिटरांच्या मदतीने पाच व्होल्टांतूनच दोन्ही तयार करायची. खरी अडचण तारांची असायची. नऊ पिनांच्या कनेक्टरवर संगणक बोलतो ३ नंबरच्या पिनवर आणि ऐकतो २ वर, ग्राउंड ५ वर. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर नेमकं उलट, बोलणं २ वर, ऐकणं ३ वर आणि ग्राउंड ७ वर. कोणत्या यंत्राने कोणती रीत पाळली आहे ते पुस्तकात सापडेलच असं नाही. मग काकांनी दाखवलेली युक्ती: मीटर डीसीवर ठेवायचा, काळी तार ग्राउंडला, लाल तार एकेका पिनला. यंत्र काहीच पाठवत नसताना ज्या पिनवर उणे आठ-दहा व्होल्ट दिसतात, ती बोलणारी पिन. गप्प असतानाही ती लाइन उणे व्होल्टेज धरून असते. कागद नसला तरी यंत्र स्वतःच सांगतं, फक्त विचारता यायला हवं.

मग हायपरटर्मिनल उघडायचं, ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. वेग दोन्हीकडे जुळला नाही तर पडद्यावर चित्रविचित्र खुणांची रांग, जुळला की एकदम स्वच्छ इंग्रजी अक्षरं. त्या गारबेजकडे पाहून वेग जास्त आहे की कमी, याचा अंदाज बांधणारी पोरं आमच्या बॅचमध्ये होती.

नेटवर्क म्हणजे तेव्हा काळी गोल केबल. प्रत्येक संगणकाच्या पाठीमागे टी आकाराचा कनेक्टर आणि ओळीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एका लांबीत १८५ मीटर आणि तीस यंत्रं, एवढी मर्यादा. मधल्या एकाने खुर्ची सरकवताना टी ओढला की सगळी ओळ बंद. इथेही मीटरच कामाला यायचा: ओळीत कुठेही मोजलं तर २५ ओहम दिसायला हवेत, दोन ५० समांतर. ५० दिसले तर एक टोक सुटलं आहे. पुढे निळ्या केबलचे आणि स्विचचे दिवस आले. नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. क्रिम्पिंगचा पाना हातात घेतलेल्या प्रत्येकाला हा क्रम झोपेतही म्हणता यायचा. सरळ केबल कधी आणि क्रॉस कधी, यावर जोरदार वाद व्हायचे. आता कार्डं स्वतःच ओळखून घेतात, वाद संपला.

१ मे १९९९ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, भंडारा आकाराने निम्मा राहिला. मी तोवर दुरुस्तीच्या कामाला लागलो होतो. तुमसर, मोहाडी, वरठीकडच्या राइस मिल, वजनकाटे, प्रिंटर, मोटरींचे पॅनल. या भागात धानाचं राज्य आहे, त्यामुळे माझ्या मीटरलाही कोंडा लागलेला असायचा. मिलमध्ये मी आरएस-४८५ शिकलो. दोनच तारा, ए आणि बी, एकमेकींच्या उलट बोलणाऱ्या. शेजारी साठ हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली तरी दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. १२०० मीटरपर्यंत चालते, एका जोडीवर बत्तीस यंत्रं, दोन्ही टोकांना १२० ओहम. त्यावर बोलली जाणारी मॉडबस ही भाषा १९७९ची. आजही नव्या मिलमध्ये विजेचा डिजिटल मीटर बसतो तेव्हा मागे तेच दोन स्क्रू असतात, ए आणि बी. इतकी वर्षं टिकलेल्या गोष्टींबद्दल मला आदर वाटतो.

मग २०१२ आलं. फेब्रुवारीच्या २९ तारखेला रास्पबेरी पाय बाजारात आला, पस्तीस डॉलरचा, तळहातावर मावणारा पूर्ण संगणक. दोन यूएसबी, एक लॅन, टीव्हीची सॉकेट. माझ्या हाती तो आला तेव्हा मी आधी पाहिली ती कडेची पिनांची दुहेरी रांग. मोजली. तेरा आणि तेरा. कपाटातून ८०८५च्या काळची करडी पट्टी काढली, ती अगदी बरोबर बसत होती. तीच सव्वीस, पिनांमधलं अंतरही तेच. पण पट्टी जोडण्याआधी मीटर लावला. एक नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट, दोन नंबरवर ५. आणि कामाच्या पिना सगळ्या ३.३च्या. जुन्या किटमधले पाच व्होल्ट या पिनांना सोसत नाहीत. कनेक्टर तोच राहिला, पण पलीकडचं जग हलक्या विजेवर चालायला लागलं होतं. २०१४च्या जुलैत आलेल्या बोर्डावर या पिना चाळीस झाल्या, पहिल्या सव्वीस मात्र जागच्या जागी ठेवल्या. कुणीतरी जुन्या पट्ट्यांचा विचार केला, हे मला मनापासून आवडलं.

आजच्या जोडणीचं सुख खरं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. आय-टू-सी घ्या. फिलिप्सने १९८२मध्ये काढलेली दोन तारांची रीत, पण आमच्या लॅबपर्यंत ती कधी पोहोचली नाही. आता त्याच दोन तारांवर डिस्प्ले, हवेच्या दाबाचा सेन्सर, घड्याळाची चिप, सगळे एकत्र राहतात. एक आज्ञा दिली की वर्गात हजेरी घ्यावी तसा बोर्ड एकेक पत्ता पुकारतो आणि जो आहे तो ओ देतो. पडद्यावर २७ दिसलं म्हणजे एलसीडी जागी आहे, ७६ दिसलं म्हणजे दाबाचा सेन्सर. आम्ही ज्याच्यासाठी चोवीस लाइनी आणि सव्वीस तारा वापरायचो, ते दोन तारांत. वायफाय तर २०१६च्या बोर्डापासून आतच आलं. त्याआधी डोंगल लावावं लागे आणि डोंगलने जास्त करंट ओढला की बोर्ड दचकून पुन्हा सुरू होई. २०१४मध्ये ईएसपी ८२६६ आली, दोन-तीनशे रुपयांत वायफायसकट अख्खा मायक्रोकंट्रोलर. हे आम्हाला १९९४मध्ये कुणी सांगितलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता.

त्याहून मोठं सुख म्हणजे बर्डीचं अंतर संपलं. लाखांदूरच्या पोराने मागवलेला सेन्सर आता घरपोच येतो. चिठ्ठी नको, तारीख असलेला काका नको. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे शाळेतल्या मुलांच्या हातात असे बोर्ड आले. मराठीतून समजावणारे व्हिडिओ आहेत. आमच्या काळात डेटाशीटची झेरॉक्स हातोहात फिरून काळी पडायची आणि शेवटच्या माणसाला पिनांचे नंबर वाचता येत नसत. आज तीच डेटाशीट शेताच्या धुऱ्यावर बसून मोबाइलवर उघडते. जे शिकू शकतात त्यांची संख्या वाढली, आणि त्यात मुली आहेत, खेड्यातल्या मुली. आमच्या बॅचच्या फोटोत त्या दिसत नाहीत.

जे गेलं त्याबद्दलही बोलायला हवं. सेन्सर आला, व्हिडिओ पाहिला, तारा लावल्या, प्रोग्राम चिकटवला, चाललं. दहा मिनिटांत. पण पाण्याची पातळी मोजायचा तो दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर परत पाठवतो पाच व्होल्ट, आणि पायच्या पिनला हवेत ३.३. मध्ये दोन रेझिस्टर घालायचे असतात, एक हजार आणि दोन हजार ओहमचे, बस. ते न घालताही सेन्सर चालतो. काही दिवस चालतो. मग एके दिवशी ती पिन गप्प होते आणि पोरगा मला फोन करतो, "काका, काल तं चालू होता, आज काहून बंद पडला?" काल चालू होता म्हणून बरोबर होता, असं नाही. महाग आणि दूरच्या वस्तूने आम्हाला मोजायला लावलं. स्वस्त आणि जवळच्या वस्तूने ती गरज लपवली, ती नाहीशी केली नाही. मी कुणाच्या हाती पाय पाहिला की पहिला प्रश्न हाच विचारतो: मीटर आहे का?

वीज हा आमच्याकडचा वेगळाच विषय आहे. लाइट कधीही जाते. जुन्या किटचा मॉनिटर प्रोग्राम ईप्रॉममध्ये असायचा, वरच्या काचेच्या खिडकीवर कागदी पट्टी लावलेली. लाइट शंभर वेळा गेली तरी त्यातलं काही पुसलं जात नसे, पुसायला अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावं लागे. पायचं सगळं आयुष्य एका मेमरी कार्डावर असतं आणि लिहिता लिहिता लाइट गेली की कार्ड बिघडू शकतं. म्हणून शेतावर, मिलमध्ये ठेवायच्या बोर्डाला आधी बॅटरी, मग बाकी सगळं. आणि पावसाळ्यात आकाशातली वीज. आमच्या झाडीपट्टीत जून ते सप्टेंबर ती माणसं आणि गुरं नेते. पुण्याच्या आयआयटीएमने 'दामिनी' अॅप दिलं आहे, आता लोक ढग पाहतात तसं मोबाइलही पाहतात. बोर्डाचं म्हणाल तर लांब लॅन केबल शेतातून आली की ती विजेलाही घरात आणते. गडगडाट सुरू झाला की केबल उपटून ठेवावी, हे मी प्रत्येकाला सांगतो.

शेतातल्या जोडणीची गोष्ट निघाली की पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' आठवतं. रात्री-अपरात्री येणाऱ्या लाइटसाठी शेतकऱ्याने अंधारातून पंपापर्यंत चालत जायचं, ते थांबवण्यासाठी त्यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं यंत्र केलं. आमच्या भागातही पुढे असे मोबाइल स्टार्टर आले. त्यांच्यात जीएसएम मॉड्यूल असतं, आणि त्याच्याशी बोलायची भाषा एटी. ही भाषा हेज कंपनीच्या १९८१च्या मोडेमची. टेलिफोन लाइनच्या मोडेमसाठी तयार झालेली दोन अक्षरं पुढे धानाच्या बांधीतली मोटर सुरू करू लागली. ईएसपी ८२६६सुद्धा पहिल्यांदा आली ती एटीच बोलत आली. मात्र जीएसएम मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. स्वस्त अॅडॉप्टर तिथे खाली बसतो, बोर्ड रिसेट होतो, आणि दोष मिळतो नेटवर्कला. "टॉवर नाही जी," असं म्हणत लोक सिम बदलत राहतात. कितीतरी वेळा नुसता एक मोठा कपॅसिटर आणि नीट अॅडॉप्टर लावल्यावर तोच टॉवर सापडला आहे.

अशा लहान जोडण्यांवर केवढं अवलंबून असतं ते पावसाच्या मापात दिसतं. पूर्वी तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असायचा. सकाळी कारकून यायचा, आतलं पाणी काचेच्या नळीत ओतून मिलिमीटर वाचायचा आणि फोनवरून आकडा कळवायचा. एका तालुक्याला एक-दोन आकडे. २०१७पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आली. अशा केंद्रातलं पावसाचं यंत्र म्हणजे जगातला सगळ्यांत साधा सेन्सर: एक छोटी दोन बाजूंची वाटी, भरली की कलंडते, तिच्यावरचं चुंबक स्विचसमोरून जातं, दोन तारा क्षणभर जुळतात. बोर्ड तेवढंच मोजतो. एका कलंडण्याला ०.२ मिलिमीटर धरले तर ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ वेळा. आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तरच तो पाऊस अतिवृष्टी, आणि अतिवृष्टीवर पुढची मदत. वाटीत पान अडकलं, गांधीलमाशीने घर केलं, तार गंजली, तर तीनशे पंचवीसचे तीनशे होतात आणि गावाच्या नशिबी साधा पाऊस येतो. म्हणून ही यंत्रं साफ ठेवणारी, त्यांच्या तारा तपासणारी माणसं गावातच तयार व्हायला हवीत असं मला फार वाटतं. २०२०च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली तेव्हा वरून किती पाणी येतंय, कधी येतंय, हाच एक प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. नदीकाठच्या माणसाला आकडा वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत सगळ्यांना कळलं.

गेल्या पावसाळ्याआधी लाखांदूर तालुक्यातली डिप्लोमाची एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. त्यांच्या शेतावर बोडी आहे, म्हणजे लहान तळं. बोडीतल्या पाण्याची पातळी घरी कळावी, म्हणजे रोवणीच्या वेळी मोटर कधी लावायची ते ठरवता येईल, एवढंच तिला हवं होतं. घरापासून बोडी चारशे मीटर. वायफाय पोहोचत नाही. मी माझ्या सवयीने आरएस-४८५ सुचवली, चारशे मीटर तिला सहज. वडील ऐकत होते. म्हणाले, "भाऊ, धुऱ्यावरून तार नेली तं उंदीर ठेवतील का? अन् चिखलणीले ट्रॅक्टर येते." त्यांचं बरोबर होतं. मग लोरा हा लांब पोहोचणारा बिनतारी मार्ग ठरला. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, वेग कमी, पण एका आकड्याला वेग कशाला हवा? बांबूवर अँटेना, खाली डबीत ईएसपी ३२चा लोरा बोर्ड, एक लिथियम सेल आणि छोटं सोलर पॅनल.

प्रश्न राहिला सेल किती मोठा घ्यायचा. मी काही सांगायच्या आत तिने पिशवीतून स्वतःचा मीटर काढला, सप्लायच्या तारेत लावला आणि वहीत तीन आकडे लिहिले: बोर्ड झोपलेला असताना किती, जागा असताना किती, सिग्नल पाठवताना किती. झोपेतला आकडा तिला जास्त वाटला. तिने डेटाशीट उघडून पाहिलं, चिप एवढं खात नाही. मग बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि सोल्डरिंग गन मागितली. बोर्डावरचा लाल पॉवरचा दिवा रात्रंदिवस जळत होता, तो तिने काढून टाकला आणि पुन्हा मोजलं. आकडा खाली आला, तरी अजून जास्तच होता. आता ती व्होल्टेज रेग्युलेटरकडे वळली आणि मला विचारलं, "काका, याच्या जागी कमी करंट खाणारा कोणता घेऊ?" दोन नंबर मी तिला लिहून दिले.